घरचा कायमचा लेआउट की मित्रांबरोबरचे मॉड्यूल?

मॉडेल रेल्वेचा छंद लागला की बहुतेक जण आधी इंजिन विकत घेतात आणि मग ते पळवायला घरात जागा शोधू लागतात. रूळ कोठे टाकायचे, ते तेथे किती काळ राहणार आणि गाड्या चालवायला आपल्याबरोबर कोण असणार, या गोष्टी आधी ठरवल्या तर प्रमाण (खऱ्या रेल्वेच्या किती पट लहान मॉडेल घ्यायचे ते), इंजिन, डबे आणि विजेची जोडणी ही सारी खरेदी त्यांच्या मागोमाग नीट लागत जाते. ज्याच्याकडे घरात एक मोकळी भिंत आहे आणि रेल्वे पाहायला बरोबर हिंडणारे तीन-चार मित्रही आहेत, त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली वाट म्हणजे खोलीत कायमचा लेआउट, म्हणजे रूळ आणि देखावा यांची पक्की मांडणी, उभारणे आणि मित्रांना तेथे बोलावणे. दुसरी वाट म्हणजे प्रत्येकाने आपापल्या घरी एक-दोन फळ्यांचे मॉड्यूल तयार करणे आणि ठरलेल्या दिवशी ती सगळी एकत्र जोडून लांबलचक मार्ग उभा करणे. या दोन्ही वाटांनी मी गेलो आहे आणि दोन्हींमध्ये मला मनापासून आनंद मिळाला आहे. तरीही त्या एकाच स्वभावाच्या माणसासाठी नाहीत.

प्रमाणाचा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण तो नंतर बदलणे म्हणजे सगळेच नव्याने घेणे होय. सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ हे प्रमाण १:८७ चे असून त्याच्या रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते; एन प्रमाणात हेच अंतर ९ मिलिमीटर असते आणि युरोप-अमेरिकेत हे प्रमाण १:१६० धरले जाते. प्रत्यक्षातल्या १,४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजला, म्हणजे रुळांमधील अंतराला, ८७ आणि १६० या संख्यांनी भागून पाहिले की दोन्हींचे गणित किती नेमके जुळते ते लक्षात येते. ब्रिटिश मॉडेलांच्या ओओ प्रमाणाचे मात्र तसे नाही. त्यातील गाड्या १:७६ च्या, पण रूळ एचओचेच, त्यामुळे गाडीच्या मानाने रूळ थोडे अरुंद दिसतात. शिवाय ब्रिटिश एन १:१४८ चे आणि जपानी एन बहुतेक वेळा १:१५० चे असते. रूळ सारखे असतील तेथे ही सगळी मॉडेल एकमेकांच्या रुळांवर धावतात, परंतु दोन देशांचे डबे शेजारी उभे केले की उंचीतला फरक डोळ्यांना खुपतो. एकट्याच्या लेआउटवर हा आपल्या आवडीचा प्रश्न राहतो. मॉड्यूलांच्या बाबतीत तो गटाचा प्रश्न होतो आणि पहिली फळी कापण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून तो सोडवावा लागतो.

जागेचा हिशेब प्रत्यक्ष आकड्यांनी केला तर निवड बरीच सोपी होते. युरोपातला सुमारे २६.४ मीटर लांबीचा प्रवासी डबा एचओमध्ये ३० सेंटिमीटरच्या थोडा वर जातो, तर एनमध्ये साडेसोळा सेंटिमीटरचा होतो. म्हणजे दहा डब्यांची गाडी एचओमध्ये तीन मीटर आणि एनमध्ये पावणेदोन मीटरच्या आत. तेवढ्या लांबीचा फलाट ज्या भिंतीला मावणार नाही, तेथे चार-पाच डब्यांची शाखामार्गावरची गाडीच शोभून दिसते. वळणांचे तर याहून कठीण आहे. एचओच्या सुरुवातीच्या संचांत येणारे १८ इंची, म्हणजे ४५७ मिलिमीटर त्रिज्येचे वळण प्रत्यक्षात अवघ्या ४० मीटर त्रिज्येचे झाले, आणि मुख्य मार्गावर शेकडो मीटरांहून कमी त्रिज्येची वळणे सहसा नसतात. लांब डबे अशा वळणावरून धावतात खरे, पण त्यांची टोके बाहेर लटकतात. शिवाय पूर्ण फेरा घ्यायचा तर फळी एक मीटरहून अधिक रुंद लागते, आणि मागच्या कडेला घसरलेल्या डब्यापर्यंत हात पोचणे कठीण होते.

मॉड्यूल-पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ मला येथेच दिसतो. एकेका माणसाच्या वाट्याला मार्गाचा सरळ किंवा किंचित वळता तुकडा येतो. फेरा घेण्याची जबाबदारी दोन-तीन खास वळण-मॉड्यूलांवर जाते, ती मोठ्या त्रिज्येची करता येतात आणि एरवी कोणाच्या तरी कपाटामागे उभी ठेवता येतात. ही कल्पना नवी नाही. एन प्रमाणासाठी १९७० च्या दशकात अमेरिकेत एन-ट्रॅक हे मानक रुजले, युरोपात फ्रेमो ही संघटना १९८१ पासून मॉड्यूलांची मानके सांभाळत आली आहे, आणि जपानमध्ये जन्मलेली टी-ट्रॅक पद्धत तर टेबलावर ठेवण्याजोग्या, सुमारे ३१ सेंटिमीटर लांबीच्या छोट्या पेट्यांची आहे. आपल्या गटाने स्वतःचेच माप शोधण्यापेक्षा यांपैकी एखादे मानक जसेच्या तसे घ्यावे, कारण पुढे दुसऱ्या गटाशी जोडण्याची वेळ आली तर तेच उपयोगी पडते.

या पद्धतीत खरी कसोटी लागते ती दोन फळ्यांच्या सांध्यावर. आमच्या गटाची पाच मॉड्यूल पहिल्यांदा एकत्र आली तेव्हा तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या मध्ये दर फेरीला एकच वाघीण (मालडबा) सुटत होती. आम्ही कपलिंग तपासली, चाके पुसली, वाघिणीचे वजन वाढवले; अखेरीस जमिनीवर बसून, गाल फळीला टेकवून, विजेरीच्या उजेडात रुळांच्या माथ्यांकडे पाहिले तेव्हा चौथ्या फळीचा रूळ जेमतेम एका मिलिमीटरने वर असल्याचे दिसले. एचओमध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रुळावर जवळपास नऊ सेंटिमीटरची पायरी होय. त्यानंतर आम्ही प्रत्येक पायाला उंची कमी-जास्त करता येणारा बोल्ट बसवला आणि फळीच्या कडेला दोन्ही रुळांखाली पितळी स्क्रू ठोकून, त्यांच्या माथ्यांना रूळ सोल्डर करून पक्के केले. सोल्डर करण्याआधी स्क्रू किंचित फिरवला की रुळाची उंची अगदी केसाएवढ्या फरकाने बदलता येते, आणि फळ्या ने-आण करताना रुळाचे टोक कशात अडकून उपटले जात नाही. कायमच्या लेआउटवर असे सांधे जवळजवळ नसतातच, हा त्याचा मोठा आणि रोज जाणवणारा फायदा आहे.

विजेच्या बाबतीत दोन्ही वाटा वेगळ्या दिशेने जातात. साध्या डीसी (एकदिश विजेच्या) पद्धतीत रुळांवरचा विजेचा दाब वाढवला की त्या भागातले इंजिन वेगाने धावते. एकटा माणूस एका वेळी एक गाडी चालवत असेल तर हे स्वस्त, समजायला सोपे आणि पुरेसे आहे. डीसीसी पद्धतीत रुळांवर कायम वीज असते, आज्ञा डिजिटल रूपात जातात आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर स्वतःच्या क्रमांकाची आज्ञा तेवढी पाळतो. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेले हे तंत्र अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे छांदिष्टांच्या संघटनेने १९९० च्या दशकात मानक म्हणून स्वीकारले, त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांचे डिकोडर एकाच कंट्रोलरवर चालतात. तीन मित्र तीन गाड्या चालवणार असतील तर डीसीसीला पर्याय नाही असे मी म्हणेन. पद्धत कोणतीही असो, फळीखालून जाड तारांची एक जोडी न्यावी आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला तिच्यातून बारीक तार जोडावी. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबून राहिले की वर्षभरात गाड्या जागोजागी अडखळू लागतात.

देखाव्यात मात्र घरचा लेआउट निर्विवाद सरस ठरतो. डोंगर, नदी, तिच्यावरचा पूल आणि पलीकडचे गाव हे सारे एकाच नजरेत सलग घडवता येते, भिंतीवर आकाश रंगवता येते, दिवा हवा तसा लावता येतो. मॉड्यूलांमध्ये एका फळीवर उन्हाळा संपतो आणि शेजारच्या फळीवर शिशिरातली झाडे उभी असतात. खडी आणि गवत यांचे रंग गटाने आधी ठरवून घेतले तर हा तुटकपणा बराच कमी होतो, तथापि पूर्ण जात नाही. खडी टाकण्याचे काम दोन्हींकडे सारखेच संथ आहे: कोरडी खडी मऊ कुंचल्याने स्लीपरांच्या मध्ये बसवायची, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारायचा आणि मग पातळ केलेला पांढरा गोंद, भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब घालून, ड्रॉपरने सोडायचा. साबण नसेल तर गोंदाचा थेंब खडीवर मण्यासारखा उभा राहतो आणि खडीचे दाणे घेऊन घरंगळतो; साबण असला की तो झटकन आत जिरतो.

कायमपणाची एक दुसरी बाजूही आहे. जॉन ॲलन या अमेरिकी छांदिष्टाने आयुष्यातली अनेक वर्षे खर्ची घालून उभारलेला जगप्रसिद्ध लेआउट १९७३ मध्ये, त्यांच्या निधनानंतर काही दिवसांतच, आगीत नष्ट झाला. आग ही दुर्मीळ गोष्ट आहे, पण घर बदलणे दुर्मीळ नाही, आणि खोलीच्या मापाने बांधलेला लेआउट दुसऱ्या खोलीत सहसा बसत नाही. ज्याला पुढची दहा वर्षे कोठे राहणार याची खात्री नाही, त्याने या एका कारणासाठी मॉड्यूल निवडले तरी मला ते शहाणपणाचे वाटेल.

आता सहलींविषयी, कारण निवडीची खरी किल्ली माझ्या मते तेथे आहे. मित्रांबरोबर रेल्वे पाहायला गेल्यावर आपण कोठे रेंगाळतो, हे प्रामाणिकपणे आठवून पाहावे. काही जण वळणावर उभे राहून अख्खी गाडी डोळ्यांसमोरून जाताना पाहतात आणि तिचा आवाज विरेपर्यंत जागचे हलत नाहीत. काही जण यार्डाच्या कुंपणापाशी तासभर उभे राहून एक इंजिन चार वाघिणी इकडून तिकडे कशी नेते ते बघत बसतात. काहींना एखाद्या जुन्या इमारतीच्या छपराची कौले मोजायची असतात. पहिल्याला लांब, अखंड मार्ग हवा, आणि तो मित्रांच्या मॉड्यूलांतूनच मिळतो. तिसऱ्याला घरचा लेआउट द्यावा, कारण त्याचे सुख गाडी धावण्यात कमी आणि घडवण्यात जास्त असते. दुसऱ्याला दोन्हींपैकी काहीच मोठे लागत नाही.

त्याच्यासाठी ॲलन राइट यांनी रूढ केलेले इंगलनूक हे शंटिंगचे, म्हणजे वाघिणी इकडून तिकडे हलवून जुळवण्याचे, कोडे आहे. त्यात तीन सायडिंगा, म्हणजे एका टोकाला बंद असलेले बाजूचे रूळ, असतात. एकीत पाच आणि उरलेल्या दोन्हींत तीन-तीन वाघिणी मावतात, आणि पुढच्या रुळावर इंजिनासह तीन वाघिणींपुरतीच जागा असते. आठ वाघिणींमधून पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. असे ६,७२० क्रम संभवतात, म्हणून एका शेल्फएवढ्या फळीवर गाडीचा रूळ बदलणाऱ्या दोन सांध्यांच्या (पॉइंटच्या) बळावर कित्येक संध्याकाळी सरतात.

सहलीचे प्रकारही सारखे फळ देत नाहीत. संग्रहालयात इंजिनाच्या अगदी जवळ जाता येते, रिव्हेट आणि नळ्या बारकाईने पाहता येतात, परंतु तेथले रंग नव्याने दिलेले आणि स्वच्छ असतात; खऱ्या कामकरी इंजिनावरची काजळी तेथे शिकता येत नाही. स्वयंसेवकांनी चालवलेल्या वारसा रेल्वेवर, ज्यांची सुरुवात १९५१ मध्ये वेल्समधील टॅलिलिन रेल्वेपासून झाली, वाफेची गाडी चालू स्थितीत पाहायला मिळते आणि इंजिनावर काम करणारी माणसे आपल्या प्रश्नांना आवडीने उत्तरे देतात. लेआउट बांधणाऱ्याला मात्र सर्वाधिक शिकवते ते रोजच्या वाहतुकीचे साधे स्थानक. फलाटाच्या पिवळ्या रेषेच्या आत उभे राहून नुसते रुळांकडे पाहावे: माथा चकचकीत, बाजू गंजून विटकरी, आणि इंजिन नेहमी जेथे थांबते तेवढ्याच भागातली खडी तेलाने काळवंडलेली. दुकानातून आणलेले रूळ बाजूंनीही चांदीसारखे चमकतात. त्या बाजूंना तपकिरी रंगाचा एक हात दिला की बाकी काही न करताही ते खरे वाटू लागतात. चार जण बरोबर असले की एक छायाचित्रे काढतो, एक वहीत सिग्नल आणि सांध्यांचा नकाशा उतरवतो, एक वेळा टिपतो, आणि परतीच्या प्रवासात या सगळ्याची चर्चा होते. रुळांवर उतरू नये आणि गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नये, एवढे पथ्य सर्वांनी पाळावे. जेथे छायाचित्रांना मनाई असेल तेथे वही पुरते.

वेळेच्या दृष्टीने पाहता घरचा लेआउट रोज अर्धा तास मिळणाऱ्याला मानवतो, कारण सामान मांडायचे-आवरायचे नसते. मॉड्यूलांचे भेटीचे दिवस मोजकेच, आणि जोडणी-सोडणीत त्यांतलेही दोन-तीन तास जातात. उलट भेटीची तारीख ठरलेली असल्यामुळे मॉड्यूल पुरे होते, आणि घरचा लेआउट अर्धवट राहून त्यावर खोकी साठलेली मी अनेक घरांत पाहिली आहेत. गटात वस्तू कोणाची याची गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपल्या वाघिणींच्या तळाला ठरलेल्या रंगाचा ठिपका द्यावा. आमच्याकडे हा नियम दोन सारख्या टँकवाघिणींवरून झालेल्या अबोल्यानंतर आला, आणि तो आधीच यायला हवा होता.

निर्णय होतच नसेल त्याला माझा सल्ला आहे की त्याने सव्वा मीटरच्या आसपासची एकच फळी घ्यावी, तिची दोन्ही टोके गटाने निवडलेल्या मानकाप्रमाणे करावीत, मागच्या बाजूने मुख्य मार्ग सरळ न्यावा आणि पुढच्या बाजूला इंगलनूकच्या सायडिंगा बसवाव्यात. एनमध्ये हे आरामात मावते. एचओमध्ये आखूड वाघिणी घ्याव्या लागतात किंवा तिसऱ्या सायडिंगमधल्या जागेवर पाणी सोडावे लागते. घरी ती शेल्फवर शंटिंगसाठी उपयोगी पडते, भेटीच्या दिवशी मित्रांच्या मार्गात जोडली जाते, आणि पुढे खोली मिळाली तर मोठ्या लेआउटचे पहिले स्थानक होते. लाकूड कापण्याआधी रुळांचा नकाशा कागदावर खऱ्या मापात काढून जमिनीवर पसरावा, त्यावर एक इंजिन आणि तीन वाघिणी ठेवाव्यात, आणि पुढच्या रुळाचे टोक त्यांच्या पलीकडे किमान दोन बोटे उरते का ते पाहावे.