जुन्या असेंबल्ड पीसीवर काय टाकावं? विंडोज 11, लिनक्स मिंट आणि हॅकिंटॉश

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि कोल्हापुरातल्या कितीतरी टेबलांवरचे धडधाकट पीसी अडचणीचे वाटू लागले. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग बघायला ठेवलेला, राजारामपुरीत लग्नपत्रिकांच्या डिझाइनला वापरलेला, घरी पोरांच्या अभ्यासाचा. सातव्या पिढीचा आय5, एच110 चा बोर्ड, 8 जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. मशीनला काही झालेलं नाही, पण विंडोज 11 त्याला दारातच अडवतं. मग तीन वाटा समोर येतात: अट डावलून टाकलेलं विंडोज 11, लिनक्स मिंट, नाहीतर हॅकिंटॉश, म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस.

या तिघांची तुलना वेगावरून करू नका. एसएसडी असली की रोजच्या कामाला तिन्ही पुरतात. खरा फरक कळतो तो मशीन अडलं की. कंपनी जबाबदारी घेत नाही म्हटल्यावर दुरुस्ती आपल्याच गळ्यात असते. म्हणून दोष नेमका कुठं आहे हे कोणती सिस्टीम लवकर दाखवते, त्यावरून निवड करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी अट खरंच आडवी येते का ते बघा

विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय), सिक्युअर बूट (खात्रीचीच सिस्टीम सुरू होऊ देणारं सेटिंग) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. ढोबळमानानं इंटेलची आठवी पिढी आणि एएमडीची रायझन 2000 मालिका, तिथून पुढचे प्रोसेसर यादीत आहेत. तुमचा प्रोसेसर यादीत असूनही नकार येत असेल, तर बहुतेक वेळा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, टीपीएम बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर ते पीटीटी नावानं सापडेल, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. ते चालू केलं की पुढची सगळी चर्चा तुमच्यासाठी संपली.

सिक्युअर बूटची मात्र घाई करू नका. जुनं विंडोज लेगसी मोडमध्ये, म्हणजे जुन्या बूट पद्धतीनं, एमबीआर या जुन्या मांडणीच्या डिस्कवर टाकलेलं असेल आणि सिक्युअर बूटसाठी तुम्ही बायोसमधलं सीएसएम (जुनी बूट पद्धत चालू ठेवणारं सेटिंग) बंद केलं, तर मशीन बूटच होत नाही. लोक घाबरून तिथंच फॉरमॅट मारतात. डेटा जागेवरच असतो. सीएसएम परत चालू करा, विंडोज उठेल. मग बॅकअप घ्या, विंडोजबरोबरच येणाऱ्या एमबीआर2जीपीटी या टूलनं डिस्कची पद्धत बदला आणि त्यानंतरच सीएसएमला हात लावा.

सिस्टीमला दोष देण्याआधी

आपल्याकडे काम झालं की बोर्डाचं बटण बंद करतात. पावसाळ्यात तर विजांच्या भीतीनं प्लगच काढून ठेवतात, आणि ते योग्यच आहे. पण लाइट बंद असताना मदरबोर्डवरचं घड्याळ, आणि बऱ्याच बोर्डांवर बायोसच्या सेटिंग्जही, सीआर2032 या 3 व्होल्टच्या सेलवर तग धरतात. काही वर्षांत सेल उतरतो, तारीख मागे जाते आणि बायोस मूळ सेटिंग्जवर येतं.

या एका किरकोळ बिघाडात तिन्ही सिस्टीमचा स्वभाव दिसतो. विंडोजमध्ये तारीख चुकल्यानं ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणायला लागतो, आणि ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्या कुलपानं बंद असेल तर रिकव्हरी की मागितली जाते. ती लिहून ठेवलेली नसेल तर डेटा गेला असंच समजा. मिंट बहुधा चुकीच्या तारखेसह उठतं आणि नेट मिळालं की घड्याळ दुरुस्त करून घेतं. हॅकिंटॉश मात्र ॲपलच्या चिन्हावर थिजतो, कारण साटा मोड, सीएफजी लॉक अशा बायोसच्या ज्या सेटिंग्जवर तो उभा होता त्याच बदललेल्या असतात. पडद्यावर सेलचा उल्लेख कुठंच येत नाही. माणूस तासन् तास मॅकओएस पुन्हा टाकत बसतो आणि दोष असतो किरकोळ किमतीच्या सेलमध्ये.

तेव्हा कोणतीही सिस्टीम टाकण्याआधी सेल बदला. रॅम काढून तिचे सोनेरी कॉन्टॅक्ट खोडरबरानं हलके पुसा आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट86 रात्रभर चालू ठेवा. त्यात एक जरी एरर आली तरी ती रॅम वापरू नका. लोड आल्यावरच मशीन रीस्टार्ट होत असेल तर संशय आधी एसएमपीएसवर, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायवर, घ्या, आणि घरातल्या सॉकेटला अर्थिंग आहे का तेही वायरमनकडून बघून घ्या. हार्डवेअर असं पारखलेलं नसेल तर पुढचं सगळं निदान चुकतं.

विंडोज 11, अट डावलून

रूफस या टूलनं इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम आणि सिक्युअर बूटची अट काढायचा पर्याय मिळतो, त्यामुळे टाकणं अवघड नाही. मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलंय की अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही. प्रत्यक्षात दर महिन्याचे सुरक्षा अपडेट येत राहतात. अडतं ते मोठ्या आवृत्तीला. ती आपोआप येत नाही, आयएसओ (विंडोजची पूर्ण इन्स्टॉल फाइल) उतरवून हातानं टाकावी लागते. होम आणि प्रो आवृत्तीला 24 महिनेच आधार असतो, म्हणजे हे काम टाळता येणारं नाही. शिवाय मायक्रोसॉफ्ट वाट कधीही बंद करू शकते. 24H2 आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई4.2 आणि पॉपसीएनटी या सूचना नसतील तर विंडोज बूटच होत नाही. कोअर 2 ड्युओवाल्यांचा विषय तिथंच मिटला, त्याला कुठलीही युक्ती चालत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र विंडोज उजवं आहे. निळा पडदा आला की त्यावर कारणाचं नाव असतं. मेमरी मॅनेजमेंट दिसलं तर पुन्हा रॅम बघा. व्हिया अनकरेक्टेबल एरर असेल तर प्रोसेसर, व्होल्टेज, तापमान, ओव्हरक्लॉक. विंडोज फोल्डरमधल्या मिनीडंपमध्ये प्रत्येक पडझडीची फाइल राहते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये वेळेसकट नोंद सापडते. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: यादीबाहेरच्या प्रोसेसरवर निळा पडदा आला म्हणून तो प्रोसेसरमुळेच आला असं होत नाही. बहुतेकदा एखादा जुना ड्रायव्हरच नडतो.

हॅकिंटॉश

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी बरीच तरुण मंडळी फायनल कट या ॲपलच्या एडिटिंग सॉफ्टवेअरसाठी याच्याकडे वळतात. साध्या पीसीवर मॅकओएस सुरू करून देणारा ओपनकोअर हा बूटलोडर मी मनापासून मानतो. स्वयंसेवकांनी केलेलं ते काम अफाट आहे, आणि हॅकिंटॉश उभा करताना संगणक आतून कसा चालतो हे जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशातून कळत नाही. तरीही आज नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी नको म्हणेन.

पहिलं कारण भवितव्याचं. हॅकिंटॉश इंटेल मॅकसाठीच्या मॅकओएसवरच चालतो, आणि ॲपलनं जून 2025 मध्ये जाहीर केलं की टाहो ही इंटेल मॅकवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती. दुसरं ग्राफिक्स कार्डाचं. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या एनव्हिडियाच्या जीटीएक्स 1050 टीआयला हाय सिएरा या जुन्या मॅकओएस आवृत्तीनंतर ड्रायव्हर मिळाला नाही आणि आरटीएक्स मालिकेला तर कधीच नाही. एएमडीचं आरएक्स 580 सारखं कार्ड असेल तरच बोलणी पुढे जातात. तिसरं, मॅकओएस फक्त ॲपलच्याच संगणकावर चालवावी असं तिचा परवानाच सांगतो. धंद्याच्या मशीनवर हे ओझं कशाला घ्यायचं?

ज्यांचा हॅकिंटॉश आधीपासून चालू आहे त्यांनी चालणाऱ्या ईएफआय फोल्डरची (ओपनकोअर त्यातच असतं) प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. अपडेटचा क्रम कधी मोडू नये: आधी ओपनकोअर आणि केक्स्ट (मॅकओएसचे ड्रायव्हर), शेवटी मॅकओएस. अडलं तर व्हर्बोस मोड (बूटची प्रत्येक पायरी पडद्यावर दाखवणारा) लावून बूट करा आणि शेवटच्या काही ओळींचा फोटो काढा, दोषाचा माग त्यातूनच लागतो. यूएसबी मध्येच सुटत असेल तर पोर्ट मॅपिंग बघा, मॅकओएस एका कंट्रोलरवर 15 च पोर्ट मानतं.

लिनक्स मिंट

मिंटचं मोठेपण हे की ते आधी चाखून बघता येतं. पेनड्राइव्हवरून चालू करा. आवाज, वायफाय, पडदा, प्रिंटर तपासा. डिस्कला धक्काही लागत नाही. मिंट 22 मालिकेला 2029 पर्यंत आधार आहे आणि प्रोसेसरच्या पिढीची अट तिथं नाहीच. अपडेटनंतर काही बिघडलं तर बूट मेनूत जुना कर्नल (सिस्टीमचा गाभा) निवडता येतो, आणि टाइमशिफ्ट हे टूल लावून ठेवलं असेल तर सिस्टीम आधीच्या दिवसावर परत नेता येते. एनव्हिडियाच्या कार्डामुळे काळा पडदा आला तर नोमोडसेट हा पर्याय देऊन बूट करायचं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाकायचा. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं.

अडचण सॉफ्टवेअरची आहे. टॅली, कोरलड्रॉ, श्रीलिपीतल्या जुन्या फाइली आणि हार्डवेअर लॉकवर (डोंगलवर) चालणारं काहीही असेल तर मिंटच्या नादी लागू नका. इनस्क्रिप्टनं युनिकोड मराठी टाइप करायला काही अडत नाही, पण पत्रिकावाल्याचं सारं भांडवल जुन्या फाँटमध्ये अडकलेलं असतं. दुकानादुकानात दिसणारा कॅनन एलबीपी 2900 हा प्रिंटरही लिनक्सवर सहज लागत नाही. आणि दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.264 चे व्हिडिओ उघडत नाही, म्हणजे कॅमेऱ्यातली फाइल आधी बदलून घ्यावी लागते.

म्हणून पत्रिकावाल्यानं आणि वर्कशॉपवाल्यानं अट डावलून विंडोज 11 टाकावं आणि कामाच्या फाइलींचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवावा. घरच्या पीसीला मिंटच योग्य, कोअर 2 ड्युओला तर दुसरा पर्यायच नाही. फायनल कटच हवं असेल त्यानं ग्राफिक्स कार्डावर पैसे घालण्यापेक्षा वापरलेला एम1 मॅक मिनी शोधावा. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी विंडोज 10 च्या सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करावी. मायक्रोसॉफ्ट खात्यानं सेटिंग्ज सिंक केल्या तर ती फुकट होते आणि 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालते. तेवढ्या अवधीत पेनड्राइव्हवरचं मिंट आपल्या प्रिंटरसकट चालवून बघता येईल.