दुसऱ्या वर्षीचा करार नोंदवला नाही, तिथे मी फसले

पुण्यातील आमची दोन खोल्यांची सदनिका मी जून २०१७ मध्ये लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त वापराच्या परवानगीवर, दिली. पहिला करार ११ महिन्यांचा होता. तो रीतसर नोंदवलेला होता, पोलिसांकडे माहितीही दिली होती आणि दरमहा १४ हजार रुपये बँकेत जमा होत होते. मुदत संपली तेव्हा राहणारे गृहस्थ एजंटाला घेऊन आले आणि म्हणाले, "काकू, आता आपण घरच्यासारखे झालो, पुन्हा नोंदणीचा खर्च कशाला? ११ महिन्यांच्या आतला करार नोटरीकडे केला तरी चालतो." मी १०० रुपयांच्या मुद्रांकावर सही केली. पुढे त्यांच्या सांगण्यावरून भाडेही रोखीने घेऊ लागले. आज पाहता सगळी फसवणूक त्या एका संध्याकाळी झाली, बाकीची वर्षे मी तिची किंमत मोजत आहे.

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज सर्रास आढळतो, पण महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. त्याहून घातक भाग पुढेच आहे: करार नोंदवलेला नसेल, तर ज्या अटींवर जागा दिली त्याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर येते.

मुदत संपल्यावर मुलगा परत येणार म्हणून मी जागा मागितली, तेव्हा हेच कलम माझ्यासमोर उभे करण्यात आले. आपण लायसन्सी (फक्त परवानगीवर राहणारे) नसून तोंडी कराराने राहणारे भाडेकरू आहोत आणि भाडे महिना ४ हजार ठरले आहे, असे त्यांनी शपथेवर लिहून दिले. रोखीच्या पैशांची एकही पावती माझ्याकडे नव्हती. नोंदणीकृत करार असता तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता आला असता. तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला बचावाची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट शुल्काची मागणीही करता येते. माझा अर्ज मात्र नोंदणीच्या मुद्द्यावरच अडला आणि वकिलांच्या सल्ल्याने मला दिवाणी दाव्याकडे वळावे लागले.

दाव्यात थकबाकीचा मुद्दा फार काळ टिकला नाही, कारण समन्सनंतर ९० दिवसांत त्यांनी स्वतःच सांगितलेल्या ४ हजारांच्या दराने थकबाकी १५ टक्के व्याजासह न्यायालयात भरली आणि थकबाकीच्या कारणावरून जागा सोडावी लागू नये यासाठीचे कलम १५ चे संरक्षण मिळवले. उरली ती स्वतःच्या वापराची गरज. ती खरी व वाजवी आहे हे दाखवताना मुलाच्या नोकरीची कागदपत्रे, आमच्या राहत्या घराचे मोजमाप, कोणाची अडचण जास्त याची तुलना, हे सारे उलटतपासणीत तासन् तास चघळले गेले. मध्ये कोविडची टाळेबंदी आली. त्यानंतरच्या तारखांना कधी त्यांचे वकील बदललेले असत, कधी साक्षीदार आजारी असे. संतापून पाणी तोडावे असेही मनात आले, पण कलम २९ नुसार तो गुन्हा आहे आणि तसे केले असते तर आरोपीच्या पिंजऱ्यात मीच उभी राहिले असते. हे मी मुद्दाम लिहीत आहे, कारण नातेवाइकांनी तोच सल्ला अनेकदा दिला.

२०२४ मध्ये ताब्याचा हुकूमनामा माझ्या बाजूने झाला. ३० दिवसांच्या आत त्यांनी अपील दाखल करून स्थगिती मिळवली. आता ते दरमहा न्यायालयात पैसे भरतात, ती रक्कम काढण्यासाठी मी प्रत्येक वेळी अर्ज करते, आणि मुलगा त्याच शहरात दुसऱ्याच्या घरात भाडे भरून राहतो. त्याचा करार नोंदवलेला आहे; मी स्वतः सोबत जाऊन तो नोंदवून घेतला.