फोटोवरून तैलचित्र : काठ-पदर अव्वल, चेहरा जास्तच घोटलेला

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फोटोवरून तैलचित्रं करून देणारी चित्रशाळा आहे. मालगुजार घराण्यातल्या बाईंचं २४ × ३६ इंची पोर्ट्रेट तिथून आलं : नऊवारी, नथ, गळ्यात पुतळ्यांची माळ.

आधी जरीचा काठ बघा. सोनेरी पावडर कुठेच वापरलेली नाही, हे फार बरं केलं. ती बहुधा पितळेची असते आणि काही वर्षांत काळवंडते. इथे खाली यलो ऑकरचा (मातकट पिवळ्याचा) सपाट थर, सावलीत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), वर लेमन यलो आणि पांढऱ्याचे जाड, सुटे ठिपके. जवळून नुसता रंग दिसतो, सहा फुटांवरून जर चमकते. पदराच्या चुण्या ताठ केसांच्या चपट्या ब्रशने एकेका फटकाऱ्यात ओढल्यात, वर पुन्हा हात फिरवलेला नाही. असं काम आपल्याकडे क्वचित दिसतं.

चेहऱ्यावर मात्र हा धीर टिकला नाही. फॅन ब्रशने (पंख्यासारख्या पसरट ब्रशने) इतकं घोटलंय की गालाचं हाड सपाट झालं. अमेरिकन चित्रकार सार्जंटच्या लेडी अ‍ॅग्न्यूच्या पोर्ट्रेटमध्येही (१८९२) चेहरा मऊच आहे, पण उजेड आणि सावली वेगवेगळी वाचता येते. उजेड, मधला टोन, सावली असे तीन रंग शेजारीशेजारी लावून मऊ ब्रश फक्त सांध्यावरून एकदा फिरवायचा, एवढंच हवं होतं. थोडा दोष फोटोचाही. फ्लॅशने चेहरा चपटा होतो. खिडकीजवळ, एका बाजूच्या उजेडात काढलेला फोटो द्यावा.

अंबाड्याजवळ बारीक भेगा आहेत. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग फार हळू वाळतो. तो ओला असतानाच वर लवकर वाळणारा तपकिरी रंग चढवला की वरचा थर तडकतो. खाली बर्न्ट अंबरच पातळ करून लावायला हवा होता. रंगात मिसळायच्या माध्यमासाठी घाण्याचं जवस तेल वापरतात का, तेही विचारा. खाण्याचं तेल चांगलं असलं तरी त्यातला चिकट गाळ रंग पिवळा पाडतो; रंगासाठी शुद्ध केलेलंच लागतं.

वार्निश लगेच मारून देतात, ते थांबवा. सहा महिन्यांनी मारून देण्याचं आधीच ठरवून घ्या. आणि उन्हाळ्यात चित्र कूलरच्या झोतात टांगू नका : ओलाव्याने कॅनव्हास ढिला पडतो, वाळला की ताणला जातो, आणि रंग तडकतो.

साडी-दागिन्यांसाठी इथे डोळे मिटून जावं. चेहऱ्याला फॅन ब्रश लावायचा नाही, हे ॲडव्हान्स देतानाच बजावावं.