टायगर मॉथ, एकास सहा: 57 उड्डाणांनंतर

टायगर मॉथ म्हणजे ब्रिटनच्या डी हॅविलंड कंपनीचं जुनं, दुहेरी पंखांचं प्रशिक्षणाचं विमान. माझं त्याच्या एक-षष्ठांश मापाचं, रेडिओवर उडणारं मॉडेल. निकाल आधीच सांगतो, म्हणजे घाईतल्यांना इथूनच परतता येईल. रविवारी उठून, चहा घेऊन, विमान गाडीत टाकून, दोन फेऱ्या मारून नऊच्या आत पोह्यांना घरी, असं काही हवं असेल तर याच्या नादी लागू नका. फोमचा ट्रेनर, म्हणजे शिकाऊंचं मॉडेल, घ्या. माझ्याकडे आहे, आणि खरं सांगायचं तर मीही तोच जास्त उडवतो. टायगर मॉथ गेल्या ऑक्टोबरात पहिल्यांदा जमिनीवरून उचललं, आता मे संपत आलाय. वहीत 57 उड्डाणं आहेत. त्यातली चाळीसेक चांगली, दहा-बारा कशीबशी, आणि उरलेल्यांनंतर परतीच्या वाटेवर गाडीत कुणी माझ्याशी बोललं नाही तर बरं, अशी.

हे विमान एका मित्रासाठी बांधलं. आम्ही कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये भेटलो, ऐंशीच्या दशकात. तिथे एरोमॉडेलिंग होतं, पण रेडिओची चैन नव्हती. दोन तारांनी मुठीला बांधलेलं कंट्रोल लाइनचं विमान, आणि आपण मधोमध उभं राहून त्याच्याबरोबर गरगर फिरायचं. इंजिन दीड सीसीचं डिझेल. इंधन घरीच मिसळायचं: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, साधारण समसमान. मिसळण्याचं काम त्याचं, कारण माझं प्रमाण दर वेळी चुकायचं. त्याचे मामा जुहूच्या धावपट्टीवर कामाला होते. टायगर मॉथला स्टार्टर नसतो. कुणीतरी पुढे उभं राहून पंखा हाताने फिरवायचा, आणि त्याआधी वैमानिकाकडून 'कॉन्टॅक्ट' असा पुकारा घ्यायचा. हे मामांनी केलेलं. त्यामुळे हा पठ्ठ्या आमच्या टीचभर इंजिनाला बोट लावण्याआधीही मैदानभर ऐकू जाईल असं "कॉन्टॅक्ट!" ओरडायचा. पोरं हसायची. त्याने पुढची तीस-पस्तीस वर्षं ते सोडलं नाही.

त्याला दुहेरी पंखांचं विमान करायचं होतं, टायगर मॉथच, आणि मी दर दिवाळीला "पुढच्या वर्षी" म्हणत आलो. 2022 च्या पावसाळ्यात तो गेला. वर्षभराने वहिनींनी माळा आवरताना एक खोकं माझ्याकडे पाठवलं. वाळून खडा झालेले डोपचे, म्हणजे पंखांच्या कापडावर द्यायच्या रोगणाचे, डबे, घासायचा लाकडी ठोकळा, आणि ते दीड सीसीचं इंजिन. आत एरंडेल आटून पिस्टन पक्का बसलेला. गरम करून पाहिलं, रॉकेलात बुडवून पाहिलं. हललं नाही.

किट बाहेरून मागवलं, लेझरने कापलेल्या बाल्साचं, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि त्यातल्या काही माझ्याच चुका असू शकतात. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 29 फूट 4 इंच, म्हणजे 8.94 मीटर. त्याला सहाने भागलं की 149 सेंटिमीटर येतात. पंख सुटे केले की छोट्या गाडीत मागची सीट पाडून बसतं. कस्टम ड्यूटी धरून किट 28 हजारांना पडलं, बाकी सामानासकट 60 च्या पुढे गेलं. पुढे किती ते घरी सांगितलेलं नाही, म्हणून इथेही नाही.

बांधायला 14 महिने लागले. त्यातले दोन महिने फक्त वरच्या पंखात गेले. टायगर मॉथचा वरचा पंख पुढे सरकलेला असतो आणि दोन्ही पंख टोकाकडे मागे झुकलेले. दिसतं देखणं, पण केलंय ते दिसण्यासाठी नाही. डी हॅविलंडच्या त्याआधीच्या मॉथमध्ये वरच्या पंखाचा मधला भाग नेमका पुढच्या कॉकपिटच्या डोक्यावर यायचा. पॅराशूट बांधलेल्या माणसाला तिथून बाहेर उडी घेणं कठीण, आणि लष्करी प्रशिक्षणाला ते चालणार नव्हतं. मग मधला भाग पुढे नेला, त्याने तोल बिघडला, तो सावरायला पंख मागे वळवले. 1931 च्या ऑक्टोबरात पहिलं उड्डाण झालं. माझ्या किटात नकाशा एक कोन सांगत होता आणि कापलेले तुकडे दुसरा. टोकाला तीन मिलिमीटरचा फरक. तीन मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटत असेल, तर चार खांब आणि आठ तारा एकाच वेळी जुळवून बघा.

कापडाच्या बाबतीत मात्र मी खूश आहे. प्लॅस्टिकची चकचकीत फिल्म या विमानाला शोभत नाही. लक्ष्मी रोडवरून अस्तराचं पॉलिएस्टर आणलं, चार मीटर. कडेला पातळ केलेला फेविकॉल, तो वाळल्यावर इस्त्री. इस्त्रीची उष्णता लागली की कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पानासारखं ताठ होतं. मग डोपचे तीन हात. बरगड्यांवर झिगझॅग कात्रीने कापलेल्या पट्ट्या चिकटवल्या, खऱ्यावर असतात तशा. आठ महिन्यांत एकदाच, एप्रिलमध्ये गाडी उन्हात राहिली तेव्हा, खालच्या डाव्या पंखाचं बरगड्यांमधलं एक घर सैल पडलं. इस्त्री फिरवली, ताठ झालं. हे कापड मी पुन्हा वापरेन. फिल्मपेक्षा थोडं जड होतं, पण एकदा बाभळीत गेलं तेव्हा फाटलं नाही.

रंग पिवळा, प्रशिक्षणाच्या विमानांचा. नोंदणीचा क्रमांक टाकलेला नाही. भारतीय विमानांचं व्हीटी लिहून पुढे तीन अक्षरं मनाने ठोकली असती, तर तो वरून खाली आला असता. खोट्या नंबराचा त्याला मनस्वी राग.

आता नाकाचं. विमान पूर्ण झाल्यावर बोटांवर तोलून पाहिलं तर शेपूट खाली. बॅटरी जाईल तितकी पुढे सरकवली, तरी नाकात 140 ग्रॅम कमी. शिसं आणून ठेवलं होतं. मग सहज म्हणून ते बसलेलं इंजिन काट्यावर ठेवलं. 96 ग्रॅम. मोटरच्या खाली फायरवॉलवर, म्हणजे मोटर बसते त्या फळीवर, त्याच्याच मूळच्या भोकांतून दोन स्क्रूने बसलं. बाकीचं 44 ग्रॅम शिसं. म्हणजे विमान उडतं बॅटरीवर आणि इंजिन आहे वजनाला. इलेक्ट्रिकला तो 'मिक्सर' म्हणायचा. मिक्सरात त्याचं इंजिन बसवल्याबद्दल तो काय बोलला असता ते मला शब्दशः माहीत आहे, पण इथे लिहिता येणार नाही.

इलेक्ट्रिकच का, तर एरंडेल कापडात मुरतं आणि दोन वर्षांत सगळं चिकट काळं होतं. मोटर 500 केव्हीची (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला 500 फेरे), चार सेलची 3300 एमएएचची बॅटरी, पंखा 14 बाय 7. सगळं मिळून वजन 2 किलो 450 ग्रॅम. अर्ध्या थ्रॉटलवर आरामात आठ मिनिटं मिळतात, आणि त्याहून जास्त थ्रॉटल लागतच नाही. आवाजाची उणीव मात्र आठ महिन्यांनीही जाणवते. खऱ्या टायगर मॉथच्या चार सिलिंडरच्या जिप्सी मेजर इंजिनाची धडधड ज्याने ऐकलीय, त्याला हे विमान डोळे मिटून बघवणार नाही.

मैदानावरची जुळणी हा सगळ्यात मोठा दोष. सुरुवातीला 40 मिनिटं लागायची, आता 22 लागतात, तीही दुसरा माणूस पंख धरायला असेल तर. तारा मी खऱ्याच ठेवल्या, शोभेच्या नाही. मासेमारीची प्लॅस्टिक चढवलेली स्टीलची तार, टोकाला क्लेव्हिस, म्हणजे अडकवायची चिमटी. बुडापासून वरच्या पंखाच्या टोकाकडे जाते ती उड्डाणाची तार, हवेत सगळा भार तिच्यावर. वरून खालच्या पंखाकडे येते ती जमिनीवरची, विमान उभं असताना पंख तोलून धरणारी. दोन्ही सारख्याच दिसतात आणि मी तिसऱ्याच उड्डाणाला अदलाबदल केली. पंखाला पीळ बसला, विमान उजवीकडे कलत गोल फिरत राहिलं, आणि उतरवेपर्यंत तोंडचं पाणी पळालं. आता एकीच्या टोकाला लाल दोरा आणि दुसरीच्या टोकाला पांढरा आहे. कुणी बांधणार असेल तर पहिल्या दिवशीच दोरे बांधा.

उडवण्याबद्दल. याचे एलेरॉन, म्हणजे विमान कलवणारे पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग, फक्त खालच्या पंखांना, वरचे कोरे. नुसत्या एलेरॉनवर वळवायला गेलं की खाली झुकलेला एलेरॉन हवा जास्त अडवतो आणि नाक नको त्या बाजूला जातं. डावीकडे वळायला सांगावं आणि आधी उजवीकडे बघावं, असा या विमानाचा स्वभाव. खऱ्या टायगर मॉथमध्ये खाली जाणारा एलेरॉन जवळजवळ हलतच नाही, वर जाणारा मात्र चांगला उचलतो, तो याच रोगावर उपाय म्हणून. मी ट्रान्समीटरमध्ये 70 टक्के डिफरेन्शियल टाकलं, म्हणजे खाली जाणारा एलेरॉन वर जाणाऱ्यापेक्षा कमी हलेल अशी सोय केली. फरक पडला, रोग गेला नाही. रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीचा उभा हलता भाग, द्यावाच लागतो, प्रत्येक वळणाला, डाव्या अंगठ्याने.

आणि इथे गोची अशी, की गेली वीस वर्षं फोमची विमानं उडवताना माझा डावा अंगठा थ्रॉटलपलीकडे काही करत नव्हता. माझा मित्र मागे उभा राहून म्हणायचा, "डावा हात काय खिशात ठेवून आलायस?" मी हसण्यावारी न्यायचो, कारण फोमच्या विमानांना खरंच गरज पडत नाही. हे विमान पहिल्या दहा उड्डाणांत तेच बोलत होतं, फक्त थोड्या अपमानास्पद पद्धतीने. पंधराव्या-सोळाव्या उड्डाणाला पहिलं वळण नीट बसलं. शेपूट नाकामागून ओळीने आली. ते बघणारं कुणी शेजारी नव्हतं.

19 वं उड्डाण वहीत वेगळ्या शाईने आहे. खऱ्याप्रमाणे याला ब्रेक नाहीत आणि मागे चाक नाही, घसरपट्टी आहे. ती हिरवळीसाठी. आमची पट्टी मुरमाची. शिवाय दोन पंख आणि इतक्या तारा म्हणजे थ्रॉटल बंद करताच विमान छत्रीसारखं थांबतं. मी फोमच्या सवयीने वरूनच थ्रॉटल काढला. पट्टीच्या अलीकडे आपटलं, नाकावर उभं राहिलं, क्षणभर विचार केला आणि पाठीवर पडलं. पंखा तुटला, मधल्या भागाचे दोन खांब वाकले, शेपटीच्या टोकाची बाल्सा चिरली. दुरुस्तीला तीन आठवडे गेले. तेव्हापासून चाकं टेकेपर्यंत थोडा थ्रॉटल ठेवतो. घसरपट्टीला हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा अराल्डाईटने बसवलाय, कारण मूळचं लाकूड मुरमाने चार दिवसांत खाल्लं होतं. ब्लेड दर दोन महिन्यांनी बदलतो. वारा ताशी 15 किलोमीटरच्या वर असेल तर पंख गाडीतून काढतच नाही.

जागेचं एक सांगायला हवं. लोहगावच्या विमानतळामुळे पुण्यात कुठेही उभं राहून उडवता येत नाही. हवाई क्षेत्राचा सरकारी नकाशा बघून हिरव्या झोनमध्ये, 400 फुटांच्या खालीच उडवा. या विमानाला 150 फुटांच्या वर नेऊन काही मिळतही नाही, तारा दिसेनाशा होतात.

वैमानिक दोन आहेत. एकास सहा हे नेमकं फूटभर उंचीच्या बाहुल्यांचं माप. तुळशीबागेतून दोन पुरुष बाहुले आणले आणि वजन वाचवायला कमरेपासून कापले. नातीने ते पाहिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. टायगर मॉथ एकट्याने उडवायचं तर मागच्या कॉकपिटमधून. शिकवणारा असेल तर तो पुढे बसतो आणि शिकणारा मागे. म्हणून पुढे तो, मागे मी. त्याला चष्मा तांब्याच्या तारेचा, मिशा जुन्या ब्रशाच्या केसांच्या. दोन कॉकपिटच्या मधली बोलायची नळी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची केलीय. ती त्याच्या तोंडापासून निघते आणि माझ्या कानाशी संपते.

फेब्रुवारीत वहिनी मैदानावर आल्या. 41 वं उड्डाण. वारा पडलेला, विमान शहाण्यासारखं वागलं. मी तीन फेऱ्या मारल्या, एक लूप केला, ज्याची गरज नव्हती. उतरल्यावर त्या जवळ येऊन बराच वेळ बघत राहिल्या. बोनेट उघडून इंजिन दाखवलं. त्यांनी ते बोटाने पुसलं, तेल लागलं नाही म्हणून बोट पाहिलं. मग पुढच्या कॉकपिटकडे वाकल्या आणि म्हणाल्या, "मिशा फार दाट केल्यात भावजी. इतक्या नव्हत्या त्यांच्या."

जूनपासून चार महिने उडवणं बंद. पंख उतरवून तारा ढिल्या केल्यात, नाहीतर ओलीत लाकूड त्याच ताणात वाकून बसतं. बॅटऱ्या दर सेलला 3.8 व्होल्टवर ठेवल्यात. उजव्या एलेरॉनचा सर्व्हो, म्हणजे तो हलवणारी छोटी मोटर, थरथरतो, तो बदलायचा आहे. वरच्या पंखाचा तीन मिलिमीटरचा हिशेब या वेळी पुन्हा मोजून बघेन म्हणतो. आणि नखं कापायची बारीक कात्री हवी आहे, मिशांसाठी.