तुटक रेघेला भुललो

मी फोंड्याचा, प्लंबिंगची कंत्राटं घेतो. कळंगुटच्या एका जुन्या हॉटेलात खाऱ्या हवेनं सडलेले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप काढून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, टाकायचे होते. हॉटेल चालू ठेवून पावसाळ्यात, तीन टप्प्यांत. कुठला पाइप कुठल्या टप्प्यात तुटणार ते रेव्हिट या इमारतीचं मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या मॉडेलमध्येच हवं, ही आर्किटेक्टची अट. मला रेव्हिट येत नाही. ओळखीतून घरून काम करणारा एक मुलगा मिळाला, 85,000 ठरले.

पीडीएफ देखण्या. जुनं राखाडी, नवं निळं, तुटणारं लाल तुटक रेघेत. मूळ फाइल मागितली तर, ‘सर, शेवटचं पेमेंट झालं की लगेच.’ केलं. फाइल आली ती भाच्याकडच्या रेव्हिटपेक्षा नव्या आवृत्तीतली, उघडेचना. ‘दोन दिवसांत जुन्यात सेव्ह करून देतो,’ म्हणाला. भाचा तेव्हाच हसला होता. ‘मामा, रेव्हिटमध्ये मागच्या आवृत्तीत सेव्ह करायची सोयच नाही.’ तरी मी थांबलो. काम मात्र पीडीएफवर सुरू करून टाकलं. ही चूक माझी.

तिसऱ्या दिवशी मुलांनी दुसऱ्या मजल्यावरचा रायझर, म्हणजे मजल्यांमधून जाणारा उभा पाइप, कापला. नकाशात तुटक होता, त्यांचा काय दोष? वॉल्व्ह बंद होता म्हणून चिऱ्याच्या भिंती भिजल्या नाहीत, पण गच्चीवरच्या टाकीचं पाणी खाली जायचं ते त्याच पाइपातून. खालच्या चार खोल्यांत पाहुणे, दिवसभर नळ कोरडे. पहिल्या मजल्याचा नकाशा काढून बघितला, तर तोच पाइप तिथे राखाडी, धडधाकट.

भाच्यानं मित्राच्या ऑफिसात फाइल उघडली. रायझरवर क्लिक केलं. फेज क्रिएटेड : न्यू कन्स्ट्रक्शन. फेज डिमॉलिश्ड : नन. म्हणजे गंजून पापुद्रे सुटलेला पाइप आज जन्मला आणि कधी मरणारच नाही! फेजच्या, म्हणजे टप्प्यांच्या, यादीत मुळात असतात ते जुनं आणि नवं हे दोनच, आमचे तीन टप्पे भरलेलेच नव्हते. लाल तुटक रेघ त्या एका व्ह्यूमध्ये, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या नकाशात, हातानं रंगवलेली, दुसऱ्या व्ह्यूला तिचा पत्ता नाही. हातोडीच्या चिन्हाचं डिमॉलिश वापरलं असतं, तर त्या टप्प्याच्या प्रत्येक व्ह्यूला तो पाइप तुटलेला आहे हे कळलं असतं.

हे काम किचकट आहे, मान्य. पाइप डिमॉलिश केला तरी त्याचे एल्बो, टी हे सांधे आपोआप जात नाहीत, ते वेगळे निवडावे लागतात. दहा टी राहून गेल्या असत्या तर मी बोललो नसतो. इथे एकही पाइप तोडलेला नव्हता. सगळे एकाच टाइपचे, सगळे नवे, त्यामुळे शेड्यूलमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, जुन्यांची लांबीही नव्यात धरलेली. मी त्यावरून 610 मीटर माल उचलला, लागला 370.

आता पैसे देण्याआधी मूळ फाइल माझ्यासमोर उघडायला लावतो. तुटणाऱ्या पाइपांवर क्लिक करून फेज क्रिएटेड आणि फेज डिमॉलिश्ड या दोन ओळी दाखवायला सांगतो. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या ओळीत सगळीकडे नन दिसलं, तर चहा पाजून वाटेला लावायचं.

त्या मुलाचा फोन तेव्हापासून बंद. 240 मीटर सीपीव्हीसी, तीन मीटरच्या ऐंशी नळ्या, गोदामात पडून आहेत. कुणाला हव्या असतील तर खरेदीच्या भावात देईन.