स्लॅबवर ऍसिड ओतून फेस दाखवतात, त्यांच्यापासून सावध राहा

गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली माझे ३७,५०० रुपये गेले. १५,००० फोनवरून आणि २२,५०० रोख, माझ्या हाताने मोजून दिलेले. दोन महिने कॉलनीत कुणाला सांगितलं नाही, कारण लाज वाटत होती. मी निवृत्त शिक्षिका आहे आणि तेहतीस वर्षं विज्ञान शिकवलंय. पण गेल्या आठवड्यात मागच्या कॉलनीतल्या एका वहिनींकडे तशीच माणसं, तशाच बादल्या घेऊन येऊन गेल्याचं कळलं, तेव्हा गप्प बसवेना.

खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं घर आहे, वीस वर्षांपूर्वीचं, वर सपाट स्लॅब. मागच्या पावसाळ्यात देवघराच्या कोपऱ्यात ओल आली, पोपडे पडले. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मुलगा पुण्यात. म्हणजे गच्चीचं काय ते मीच बघायचं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला असेल, तोच सकाळी दहाला तिघं जण दारात उभे. अंगात एका मोठ्या कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट, गाडीत त्याच नावाच्या बादल्या. "काकू, कॉलनीत काम चालूच आहे, स्लॅब फुकट चेक करून देतो." दारावर येऊन फुकट चेक करणारा माणूस कसा असतो हे मला काय माहीत नव्हतं? पण ओल खरीच होती आणि मृग महिन्यावर आला होता.

वर गेल्यावर त्यांच्यातल्या मोठ्याने बाटली काढली आणि कोपऱ्यात ऍसिड ओतलं. चर्र आवाज झाला, पांढरा फेस उसळला. "बघा काकू, स्लॅब आतून सडलाय. चांगल्या स्लॅबला फेस येत नाही."

शाळेच्या प्रयोगशाळेत मी दर वर्षी चुनखडीच्या तुकड्यावर आम्ल टाकून दाखवायची. बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. सिमेंटच्या पृष्ठभागावरही चुनखडीतलाच कॅल्शियम कार्बोनेट असतो. नव्या कोब्यावर ओता की शंभर वर्षांच्या चुन्याच्या भिंतीवर, फेस येतोच. त्याचा सडण्याशी काडीचा संबंध नाही, उलट ऍसिडने सिमेंटच खाल्लं जातं. हे सगळं मला पाठ आहे. त्या क्षणी मात्र खाली देवघरात पडलेले पोपडे डोळ्यांपुढे आले आणि मी विचारलं, "मग आता काय करायचं?" तिथेच त्यांनी मला ओळखलं.

८२० चौरस फूट, ४५ रुपये दर, म्हणजे ३६,९००. वर 'ऍसिड ट्रीटमेंट'चे ४,५००. एकूण ४१,४००. त्यातले ३,९०० "पहिला पाऊस झाल्यावर, समाधान झालं तरच द्या." या एका वाक्याने माझा विश्वास बसला. पळून जाणारा माणूस स्वतःचे पैसे मागे ठेवेल का, असं वाटलं. आता कळतं की ते ३,९०० त्यांनी धरलेच नव्हते.

पैसे ज्या नावावर गेले ते फोनवर दिसलं आणि पावतीवरचं नाव वेगळं होतं. "ते आमचे अकाउंटंट." चार बादल्यांपैकी दोन बादल्यांच्या झाकणाची कडी आधीच तुटलेली होती. "कालच्या साइटवर उघडल्या होत्या." पोरगा नळी लावून बादलीत पाणी ओतत होता. विचारलं तर म्हणाला, पहिल्या हाताला पाणी घालावंच लागतं. आता पहिला हात पातळ मारतात हे खरं आहे, म्हणून मी गप्प बसले. प्रत्येक खोट्याला खऱ्याचा एक तुकडा चिकटवलेला होता, माणूस पकडणार कुठे?

सकाळी ऍसिड, दुपारी धुणं आणि संध्याकाळी त्याच ओल्या स्लॅबवर पांढरा हात. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. असलं कोटिंग स्लॅब पूर्ण सुकल्याशिवाय लावूच नये.

तिसऱ्या दिवसाची सकाळ मात्र मला झोपू देत नाही. हिशेबाला ते अकराला येणार होते. आठ वाजता मी जुनी साडी अंथरून बिबडे (ज्वारीचे पापड) घालायला वर गेले. परत उठताना हात टेकला, तर तळवा पांढराफट्ट. साडीची खालची बाजू झटकली तर पिठासारखी भुकटी उडाली. दोन बोटांत चोळून बघितली. कोरडी, खडूसारखी. खरं कोटिंग वाळलं की रबरासारखा पापुद्रा होतो, नखाने खरवडलं तर सोलून येतो, हाताला लागत नाही. मी ती भुकटी बोटांवर घेऊन दोन मिनिटं तरी उभी होते. पदराला हात पुसले, 'नवं आहे, बसेल दोन दिवसांत' असं स्वतःला सांगितलं आणि खाली येऊन कपाटातून २२,५०० काढले. त्या वेळी पैसे माझ्या हातात होते. तीन तास होते. एक वाटी पाणी ओतून बघितलं असतं तरी कळलं असतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि पन्हाळीतून दुधासारखं पाणी पडलं. तिसऱ्या दिवशी देवघर आधीपेक्षा जास्त गळायला लागलं, एक गादी कुजली. "दहा वर्षं गॅरंटी"च्या कागदावरचा फोन बंद. पत्त्यात रस्त्याचं नाव होतं, दुकानाचा नंबर नव्हता. कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारलं तर असा कुणी अधिकृत ठेकेदार त्यांच्याकडे नाहीच. हा फोन आधी करायचा असतो, दोन मिनिटं लागतात.

पोलीस ठाण्यात चार वेळा गेले. पहिल्यांदा म्हणाले, "मॅडम, काम तर केलंय ना त्यांनी? मग फसवणूक कशी? हे दिवाणी प्रकरण आहे, वकील बघा." बनावट माल नावाजलेल्या बादलीत घालून विकणं ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा मी बादलीतला वाळलेला थर काचेच्या बरणीत पाणी घालून रात्रभर भिजवून नेला, सगळा सुटून तळाशी गाळ बसलेला. टेबलावर ठेवली तर हवालदार म्हणाले, "हे इथे नका ठेवू, कागद भिजतील." चौथ्यांदा मलाच विचारलं, "तुम्ही शिकलेल्या, त्यांचं आधार का नाही घेतलं?" ज्या खात्यात १५,००० गेले त्या माणसाचा पत्ता बँक सांगत नाही, म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेकडून माहिती आणा. पासष्टीची बाई, घरी आजारी माणूस, किती चकरा मारायच्या? पोहोच मागितली तर "साहेबांना विचारून देतो." ती आजतागायत मिळाली नाही. अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय उठू नका. तक्रार नोंदवून घेत नसतील तर लेखी अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येतो, मी रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे तोच नाही.

शेवटी गावातलाच गवंडी बोलावला. त्याने वर जाऊन बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, हाऊ ते नुसता चुना शे." मग पन्हाळीच्या तोंडात हात घालून मूठभर निंबाचा पाला, काड्या आणि कबुतराचं घरटं बाहेर काढलं. दुखणं तिथे होतं. तोंड बुजलेलं, पाणी कोपऱ्यात साचलेलं आणि कठड्याच्या बुडाशी वाटा, म्हणजे कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातला सिमेंटचा तिरका भराव, सुटलेला. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो. स्लॅब दिवसा फुगतो, रात्री आवळतो आणि पहिली भेग त्या सांध्यातच जाते. वाटा आणि पन्हाळीचे त्याने ९,८०० घेतले, चुना खरवडायचे ३,२००. तेरा हजारांत गळती थांबली.

माहेरी आमचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर होतं. वैशाखात वडील स्वतः वर चढून खारी माती पसरायचे, सगळ्या भावंडांना टोपल्या वाहाव्या लागायच्या. छपराला काय हवंय ते घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असायचं. मी वीस वर्षांत पन्हाळीत एकदा हात घालून बघितला नाही.

काम झालं की पन्हाळीला बोळा मारून स्लॅबवर दोन इंच पाणी भरा, दोन दिवस ठेवा, खाली छताला ओल येते का बघा, मगच शेवटचे पैसे. थांबायला नाही म्हणणाऱ्याला आगाऊ पैसाही देऊ नका. बादलीचं सील तुमच्या समोर फुटलं पाहिजे. पैसे पावतीवरच्याच नावाला. आणि मुलगा-सून बाहेरगावी आहेत हे दारात सांगू नका, मी सांगितलं होतं.

त्या चार बादल्या जाताना ते "ठेवा काकू, पाणी भरायला" म्हणून सोडून गेले. मी पाणी भरलेलं नाही. तुटलेल्या कड्यांच्या झाकणांसकट त्या जिन्याखाली आहेत, कुणाच्या दारात तसली गाडी उभी राहिली तर आधी येऊन बघून जा.