लोह्याकडचा चाबूकस्वार आणि आमचं शिंगरू

घोडा शिकवणाऱ्याबद्दल कुणी अभिप्राय लिहितं का, असं पुतण्या हसून म्हणाला. माणसं हॉटेलातल्या पनीरवर दोन-दोन पानं लिहितात, इथं तर माझे तीन महिन्यांचे २७ हजार गेलेत. तारे पाचपैकी चार. पाचवा का कापला ते पुढं येईलच.

शिंगरू घेतलं नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत. मारवाडी जातीचं, कुमैत म्हणजे तांबूस अंगाचं नि काळ्या आयाळीचं, कपाळावर रुपयाएवढा ठिपका. रुमालाखाली बोटं दाबून ८५ हजाराला सौदा झाला. त्याआधी आम्ही चौघं दोन तास वाकून अंगावरच्या केसांचे भोवरे बघत होतो. गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानतात तो भोवरा, सापडला म्हणून मेव्हण्यानं तिथंच भंडारा उधळला. विकणारा म्हणाला, साडेतीन वर्षांचं आहे, आजच बसा. दात बघायचं चौघांपैकी एकालाही सुचलं नाही.

या चाबूकस्वारानं, म्हणजे घोडा शिकवणाऱ्यानं, पहिल्यांदा तेच केलं. लोह्याहून कंधारकडं जाताना आत एका बाभळबनात त्याची पागा आहे. पागा म्हणजे पत्र्याचं छप्पर, सहा मेखा आणि पोटरीएवढी वाळू टाकलेलं गोल रिंगण. टेम्पोतून शिंगरू उतरल्याबरोबर त्यानं खालचा ओठ दाबून बघितला आणि म्हणाला, "दो दात. बच्चा है पाटील, पीठ पे बैठने की जल्दी नक्को." दोन पक्के दात म्हणजे अडीच वर्षं. साडेतीनला चार लागतात. एक वर्ष मी रोख पैसे देऊन विकत घेतलं होतं.

दुसरी गोष्ट, ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या एका जीवघेण्या संसर्गाची, रक्त तपासणी झाल्याशिवाय त्यानं शिंगरू बाकीच्या घोड्यांत बांधलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत लांब लिंबाखाली, वेगळी बादली, वेगळा खरारा. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, जत्रेतून आलेल्या जनावराबद्दल हे विचारणारा दुसरा कुणी मला आजवर भेटलेला नाही.

याच्याआधी एक घोडी मी दुसऱ्या एकाकडं दिली होती. त्यानं पंधरा दिवसांत ती हलगीवर नाचवून दाखवली. घरी आणली तर तोंडाला हात लावू देईना. जीभ कडेनं फाटलेली. काटेरी लगाम. या देशात १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामाला बंदी आहे, पण जत्रेत तो अजूनही उघड्यावर, घुंगरांच्या शेजारी मिळतो.

इथं पहिला महिना कुणी बसलंच नाही. मोरकी घालून उभं राहायचं, चारी पाय उचलू द्यायचे, पाठीवर खताचं रिकामं पोतं पडलं तर बुजायचं नाही. मी दर आठवड्याला जायचो आणि शिंगरू आपलं उभंच. महिन्याला नऊ हजार उभं राहायचे! चारा-हरभरा माझा, तो वेगळाच. दुसऱ्या महिन्यात मऊ लगाम आला, दोन तुकड्यांची कडी, मध्ये सांधा. वर बसवला त्याचा भाचा, जेमतेम पंचेचाळीस किलोचा. तेही वीस मिनिटं, मग खाली. चाबूकस्वार म्हणतात खरं, पण तिथला चाबूक खुंटीला टांगलेला आणि त्याच्या दांड्यावर कोळ्यानं जाळं केलेलं.

आता गायींचं. माझ्याकडं चौदा लाल कंधारी आहेत आणि माळावरून संध्याकाळी गुरं आणायला मला घोडा हवा होता. वरातीत नाचवायला नाही. पुण्याच्या भाच्यानं मोबाईलवर अमेरिकेतल्या स्पर्धेचा व्हिडिओ पाठवला होता, रेन्ड काऊ हॉर्स म्हणतात त्याला. तीन वर्षांचे घोडे, टेक्सासात फोर्ट वर्थला उतरतात. आधी कळपातून एक गाय वेगळी काढायची आणि परत जाऊ द्यायची नाही, अडीच मिनिटांचा खेळ. मग नुसतीच कसरत, गोल धावणं, जागच्या जागी गिरक्या, बुड टेकून घसरत थांबणं. शेवटी कुंपणाच्या कडेनं गाय पळवत न्यायची, दोन्ही बाजूंनी वळवायची आणि मधोमध आणून तिच्याभोवती फेरा घालायचा. गुण साठ ते ऐंशी, सत्तर म्हणजे बरा. वय वाढलं की कडी काढून नुसत्या नाकपट्ट्यावर, हॅकामोरवर चालवतात आणि पूर्ण लगाम त्याच्याही पुढं. कॅलिफोर्नियातल्या जुन्या स्पॅनिश गुराख्यांची रीत.

चाबूकस्वारानं तो व्हिडिओ तीनदा बघितला. मला वाटलं गिरक्या बघतोय. तो म्हणाला, "लगाम बघा की. ढिला हाय." खरंच, गाय समोर आली की स्वाराचा हात खाली आणि घोडा आपल्या मनानं इकडं-तिकडं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं एक वगार, म्हशीचं तरणं पिल्लू, रिंगणात सोडली. म्हैस सावकाश चालते, शिंगराला विचार करायला वेळ मिळतो, असं त्याचं म्हणणं. वगार चालली की मागं चालायचं, थांबली की थांबायचं. थांबलं की लगाम पूर्ण सैल, हेच बक्षीस. पंधरा दिवसांनी माझीच एक कालवड नेली. कंधारी कालवड म्हणजे वीज. ती वळली आणि शिंगरू सरळ पुढं निघून गेलं, भाचा वाळूत. तिसऱ्या दिवशी मात्र ती वळायच्या आधी याचे कान वळले. मारवाडीचे कान आधीच टोकाला जुळलेले, ते दोन्ही कालवडीवर रोखलेले. मागचे पाय पोटाखाली घेऊन ते तिच्याबरोबर फिरलं आणि भाच्याच्या हातातला लगाम लोंबत होता. मी कुंपणावर बसलो होतो, हातातला चहा गार झाला.

आता कापलेला तारा. त्याचं खोगीर जुनं आहे. नव्वद दिवसांत तंगाखाली, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याखाली, दोन ठिकाणी चामडी सोलली, ती मला घरी आणल्यावर दिसली. हळद-तेल लावून पंधरा दिवस बसणं बंद. आपलं खोगीर आपण न्या, हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. पावती मागितली तर वहीतलं अर्धं पान फाडून देतो. आणि रेवाल चाल, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी झपझप चाल, हवी असेल तर इथं जाऊ नका, तो शिकवत नाही असं नाही, पण सहाव्या महिन्याच्या आत नाव काढत नाही. लग्नसराईत घोडा उभा करायचाय त्यांनी वेळ घालवू नये.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शिंगरू रानात नेलं होतं. आंबिलीच्या माठाभोवती लेकरं, शेजारी गुरं मोकळी. एक गाय हरभऱ्यात शिरायला लागली. मी लगाम हलवायच्या आत शिंगरू आडवं झालं. मी थोडा घसरलो, माझंच चुकलं, एका हातात भज्जीची वाटी होती.

चाबूकस्वाराचा फोन दिवसा लागत नाही. सकाळी सहाच्या आत थेट जा. सातनंतर घोडे सावलीला असतात आणि तो गावात नालबंदाकडं गप्पा मारत बसलेला असतो.